स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पाची देशोदेशीची डोमेन नावं: कोणती घ्यायची, कुणाच्या नावावर, आणि कशी सांभाळायची

सॉफ्टवेअर प्रकल्प चार देशांत पसरला की कुठला तरी उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या खिशातून प्रकल्पाच्या नावाचं आपल्या देशाचं डोमेन (भारतात डॉट इननं संपणारा वेब पत्ता) घेऊन टाकतो. हेतू चांगलाच असतो. पुढे तो नोकरी बदलतो, जुना मोबाइल नंबर बंद होतो, कार्डाची मुदत संपते, आणि एका सकाळी प्रकल्पाच्या नावाचा पत्ता ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती दाखवू लागतो. यात तांत्रिक अवघड काहीच नव्हतं. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे वेळेवर कुणी विचारलं नाही, एवढंच.

पुढची पद्धत पगारी माणूस नसलेल्या, पाच-पंचवीस देशांत गट असलेल्या प्रकल्पांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका. विशेषतः मालकी ठरण्याआधी नेमसर्व्हरला (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या यंत्राला) हात लावू नका.

वेगळं डोमेन हवंच का?

बहुतेक वेळा नको असतं. मुख्य डोमेनखाली देशाचा सबडोमेन (मुख्य नावाच्या पुढे जोडलेला भाग) काढला की नोंदणी नाही, वार्षिक शुल्क नाही, परदेशी रजिस्ट्रीचे (त्या देशाची डोमेन सांभाळणाऱ्या संस्थेचे) नियम नाहीत. डेबियन या लिनक्स प्रणालीचे देशवार मिरर (डाउनलोडच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) असेच आहेत: जर्मनीचा पत्ता एफटीपी.डीई.डेबियन.ऑर्ग. मागचा मिरर बंद पडला तर प्रकल्पाचे लोक एक नोंद बदलतात, वापरणाऱ्याच्या संगणकावर काही बदलावं लागत नाही. संगणकांची घड्याळं जुळवणारा एनटीपी पूलही हेच करतो: इन.पूल.एनटीपी.ऑर्ग म्हटलं की भारतातले सर्व्हर मिळतात. नुसतं पूल.एनटीपी.ऑर्ग विचारलं तरी विचारणाऱ्याचा देश ओळखून जवळचे सर्व्हर दिले जातात, म्हणजे देशाचा कोड तिथे सक्तीचा नाही. डेबियननंही आता डेब.डेबियन.ऑर्ग या एकाच पत्त्यामागे सीडीएन (जगभर प्रती ठेवून जवळच्या सर्व्हरवरून देणारं जाळं) ठेवलं आहे. नवा प्रकल्प असेल तर डाउनलोडसाठी देशवार पत्ते सुरूच करू नका, असं आमचं मत.

सबडोमेन काढताना एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवा: दोन अक्षरं देशाची की भाषेची? देशांचे कोड आयएसओ ३१६६ मधून येतात, भाषांचे आयएसओ ६३९ मधून, आणि दोन्ही याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. ‘एमआर’ ही भाषा म्हणून मराठी, देश म्हणून मॉरिटानिया. ‘जीयू’ म्हणजे गुजराती किंवा ग्वाम, ‘एमएल’ म्हणजे मल्याळम किंवा माली, ‘केएन’ म्हणजे कन्नड किंवा सेंट किट्स आणि नेव्हिस. ‘सीए’ला कॅटलान समजायचं की कॅनडा? गोव्यातल्या गटाला कोकणीचं पान हवं असेल तर दोन अक्षरी कोडच नाही, तीन अक्षरांचा ‘केओके’ वापरावा लागतो. म्हणून एका पातळीवर एकच यादी ठेवा. मजकूर, दस्तऐवज, मदतीची पानं भाषेनुसार. स्थानिक संमेलनं आणि संस्था देशानुसार. लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरनं भाषेची वाट धरली: डीई.लिब्रेऑफिस.ऑर्गवर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे जर्मन वाचकही येतात, आणि ब्राझीलसाठी भाषा व देश जोडून पीटी-बीआर. देश आणि भाषा एकाच थरात मिसळल्या की पाच-सहा वर्षांनी टक्कर होते, आणि तोपर्यंत दोन्ही पत्ते छापील पत्रकांवर गेलेले असतात.

देशाचं स्वतंत्र डोमेन घ्यायला तीन कारणं पटण्यासारखी आहेत. त्या देशात नोंदणीकृत संस्था आहे आणि ती स्वतःच्या नावानं देणग्या घेते, संमेलनं भरवते. किंवा प्रकल्प इतका नावाजलेला आहे की नाव बळकावून बनावट डाउनलोड वाटले जाण्याचा धोका खरा आहे. किंवा डोमेन आधीच कुणा कार्यकर्त्यानं घेतलेलं आहे आणि लोक ते वापरतात. ‘गूगलमध्ये वर येईल’ हे कारण पुरेसं नाही; भाषावार पानांवर एचरेफलँगचे (पान कुठल्या भाषेचं ते शोधयंत्राला सांगणारे) टॅग नीट लावले तर ते काम मुख्य डोमेनवरच होतं.

आधी मोजदाद

आपल्या नावाची किती डोमेन बाहेर आहेत हे मुख्य समितीला क्वचितच ठाऊक असतं. शोध तीन ठिकाणी घ्या. आयाना या संस्थेच्या रूट झोन यादीत (वरच्या पातळीच्या सगळ्या डोमेनच्या यादीत) प्रत्येक देशाच्या डोमेनची रजिस्ट्री आणि तिचा शोध पत्ता मिळतो. तिथून जिथे गट आहेत ते देश एकेक तपासा. दुसरं, सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदी. प्रकल्पाचं नाव टाकून शोधलं की ज्या ज्या डोमेनसाठी कुणी टीएलएस प्रमाणपत्र (साइट सुरक्षित एचटीटीपीएसवर चालवायला लागणारं) घेतलं ती सगळी दिसतात. विसरलेली डोमेन बहुधा इथेच सापडतात. तिसरं, स्वतःचा सोर्स कोड: जुन्या आवृत्त्यांत, अपडेट तपासणाऱ्या भागात, मदतीच्या मजकुरात कुठे देशी पत्ता लिहिलेला आहे का ते शोधा. याचं महत्त्व शेवटी कळेल.

सापडलं ते एका वहीत मांडा. साधी मजकूर फाइल चालते, फक्त ती गिटमध्ये असावी म्हणजे कुणी कधी काय बदललं ते राहतं. प्रत्येक डोमेनसमोर इतकं हवं: नोंदणीधारक म्हणून कुणाचं नाव आहे, रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी), खात्याचा ईमेल, मुदत संपण्याची तारीख, पैसे कोण आणि कुठल्या मार्गानं भरतो, नेमसर्व्हर, डीएनएसएसईसी (डोमेनच्या नोंदींवरची डिजिटल सही) सुरू आहे का, डोमेन कशासाठी वापरात आहे, आणि जबाबदार दोन माणसं. पासवर्ड आणि ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना लागणारा गुप्त कोड) या वहीत नकोत. ते संघाच्या पासवर्ड व्यवस्थापकात.

मुदतीची तारीख हातानं लिहायची, कारण ती सगळीकडे बाहेरून दिसत नाही. जर्मनीची रजिस्ट्री डेनिक ती सार्वजनिक शोधात दाखवतच नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी आता हूइज या नोंदणी शोधसेवेच्या जागी आरडीएपी आलं आहे, पण देशांच्या रजिस्ट्रींना ते बंधनकारक नाही. तेव्हा ‘स्क्रिप्ट सगळं सांभाळेल’ या भरवशावर राहू नका.

देशोदेशीचे नियम

देशांच्या डोमेनचा पाया १९९४ च्या आरएफसी १५९१ या इंटरनेट दस्तऐवजात आहे. त्यातली मूळ कल्पना अशी की प्रत्येक देशाचं डोमेन तिथली विश्वस्त संस्था तिथल्या समाजासाठी चालवते. म्हणून नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि आयकॅन या डोमेन व्यवस्थेच्या जागतिक संस्थेकडे तक्रार करून ते बदलत नाहीत.

भारताचं डॉट इन निक्सी ही संस्था चालवते. २००५ पासून ते जगातल्या कुणालाही घेता येतं, एकावेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. पण नाव-पत्ता लपवण्याची प्रायव्हसी सेवा डॉट इनवर चालत नाही. खोटा पत्ता दिला तर डोमेन गोठण्याची भीती, खरा दिला तर कार्यकर्त्याच्या घरचा पत्ता नोंदणीत जातो. म्हणून डॉट इन व्यक्तीच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घेणंच बरं. अमेरिकेच्या डॉट यूएसवरही प्रायव्हसी सेवेला मनाई आहे, आणि वर तिथे अमेरिकेशी संबंध दाखवावा लागतो.

स्थानिक अस्तित्व मागणाऱ्यांची यादी मोठी आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपानमध्ये स्थानिक पत्ता किंवा तिथल्या कायद्यात बसणारा संबंध लागतो. ब्राझीलमध्ये तिथला करदाता क्रमांक लागतो, नॉर्वेत संस्थेला तिथला संस्था नोंदणी क्रमांक. फ्रान्सचं डॉट एफआर युरोपीय संघ, आइसलंड, लिख्टेनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड इथल्या रहिवाशांना आणि संस्थांना मिळतं. जर्मनी परदेशी नोंदणीधारक चालवून घेते, पण मागणी आली तर कायदेशीर नोटिसा स्वीकारणारा जर्मनीतला प्रतिनिधी नेमावा लागतो.

‘स्थानिक पत्ता भाड्यानं’ देणारे रजिस्ट्रार असतात. त्या वाटेला जाऊ नका. तिथे कायदेशीर नोंदणीधारक तो मध्यस्थच असतो; तो बंद पडला की डोमेन परत मागायला तुमच्याकडे काही कागद उरत नाही.

पात्रता आज आहे म्हणून उद्या राहील असंही नाही. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटिश नोंदणीधारकांची सुमारे ८० हजार डॉट ईयू डोमेन एका झटक्यात बंद झाली, कारण मालक आता युरोपीय संघाबाहेर होते. २०२४ च्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारनं मास्टोडॉन या समाजमाध्यमाच्या एका सर्व्हरचं डॉट एएफ डोमेन बंद केलं. माली, गॅबन वगैरे देशांची फुकट डोमेन वाटणाऱ्या फ्रीनॉमचा खेळ २०२३ मध्ये आटोपला आणि ती डोमेन वापरणारे उघड्यावर पडले. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये रूटमधून काढून टाकलं गेलं. चागोस बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्यापासून त्या बेटांच्या कोडवर चालणाऱ्या डॉट आयओच्या भवितव्याचीही चर्चा सुरू आहे. तेव्हा दिसायला छान म्हणून परक्या देशाचं डोमेन मुख्य पत्ता करू नका, आणि फुकट मिळालं तर मुळीच नको.

डॉट भारत देवनागरीत २०१४ पासून मिळतं आणि त्यात मराठी नाव घेता येतं. घेतलंत तर निव्वळ रीडायरेक्टसाठी (मुख्य पत्त्याकडे वळवण्यासाठी) ठेवा. या पत्त्यावरचा ईमेल अजून अनेक फॉर्म आणि मेल सर्व्हर नाकारतात. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये देवनागरी लिहून उपयोग नाही, ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं रोमन रूप लिहावं लागतं.

नाव आणि ट्रेडमार्क

ओपनऑफिसला ब्राझीलमध्ये ब्रऑफिस या नावानं वावरावं लागलं, कारण मूळ नावाचा हक्क रिओच्या एका कंपनीकडे होता. म्हणून डोमेनआधी त्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या शोधात नाव टाकून बघा. भारतात हा शोध फुकट आहे. स्वतःचं चिन्ह नोंदवलेलं असेल तर ते एकाच कायदेशीर संस्थेकडे असावं. डेबियनचं चिन्ह १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्टकडे आहे, लिब्रेऑफिसचं बर्लिनच्या डॉक्युमेंट फाउंडेशनकडे. स्वतःची संस्था नसेल तर अशा छत्रसंस्थेखाली (अनेक प्रकल्पांची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेखाली) जाणं हे नवी संस्था काढण्यापेक्षा स्वस्त आणि कमी कटकटीचं.

सातबारा कुणाच्या नावावर

पहिली पसंती: नोंदणीधारक छत्रसंस्था, तांत्रिक संपर्क स्थानिक गट. दुसरी: देशातली नोंदणीकृत संस्था नोंदणीधारक, आणि प्रकल्पाशी लेखी करार. व्यक्तीच्या नावावर ठेवणं शेवटचा उपाय, फक्त रजिस्ट्रीचा नियम दुसरं काही चालवतच नसेल तर.

करार एका पानाचा पुरतो, पण त्यात पुढच्या गोष्टी शब्दांत हव्यात. डोमेन प्रकल्पाच्या परवानगीनं आणि प्रकल्पासाठी धरलेलं आहे. लेखी मागणी आल्यावर ३० दिवसांत हस्तांतर होईल. शुल्काची भरपाई प्रकल्प करेल. डोमेनवर जाहिराती, विक्री, नावनोंदणीचा धंदा होणार नाही. गट विसर्जित झाला तर डोमेन छत्रसंस्थेकडे जाईल. गट कधी ‘निष्क्रिय’ धरायचा हेही लिहा, उदाहरणार्थ दोन ईमेलना मिळून ६० दिवस उत्तर नाही. ही व्याख्या नसेल तर भांडण नेमकं तिथेच अडतं.

खात्यांबद्दल तीन चुका वारंवार होतात. रजिस्ट्रार खात्याचा ईमेल त्याच डोमेनवर ठेवणं: डोमेन बंद पडलं की ते सोडवायचा ईमेलही बंद. दुसऱ्या, वेगळ्या रजिस्ट्रारकडच्या डोमेनवरचा गट पत्ता वापरा. एकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी: त्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा हार्डवेअर की, दोन माणसांकडे, आणि रिकव्हरी कोड छापून तिसऱ्याकडे. आणि भारतीय कार्डावर परदेशी रजिस्ट्रारचं ऑटो-रिन्यू. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे आधी नोंद आणि पूर्वसूचना नसलेली आवर्ती वसुली बँक नाकारते, आणि अनेक परदेशी विक्रेते ती यंत्रणा वापरत नाहीत. पडद्यावर ‘ऑटो-रिन्यू चालू’ दिसतं, पैसे मात्र जात नाहीत. भारतातून भरायचं तर देशी रजिस्ट्रार निवडा किंवा एकदम पाच-दहा वर्षांचं भरून टाका. छत्रसंस्था परदेशी असेल तर तिनं भारतातल्या ट्रस्टला पैसे पाठवण्यापेक्षा रजिस्ट्रारचं बिल स्वतःच भरावं. नाहीतर किरकोळ रकमेच्या कामासाठी एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याचा) प्रश्न उभा राहतो.

कार्यकर्त्याकडून डोमेन ताब्यात घेणं

नोंदणीधारक बदलणं, रजिस्ट्रार बदलणं आणि नेमसर्व्हर बदलणं ही तीन वेगळी कामं आहेत. एकाच दिवशी तिन्ही केली आणि बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळत नाही. मुदत संपायला ४५ दिवसांपेक्षा कमी असतील तर आधी एक वर्ष वाढवून घ्या, मग सुरुवात करा.

जुन्या झोनची (डोमेनच्या सगळ्या नाव-पत्ता नोंदींच्या फाइलची) पूर्ण प्रत मागवा, बाहेरून एकेक नोंद विचारत बसू नका. कुठली नावं विचारायची तेच ठाऊक नसतं आणि मेलच्या डीकेआयएम (ईमेलवरच्या सहीच्या) नोंदी हमखास सुटतात. नव्या नेमसर्व्हरवर झोन चढवून थेट त्याला प्रश्न विचारून उत्तरं ताडून पाहा. बदलाच्या दोन दिवस आधी टीटीएल (जुनं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मर्यादा) ३०० सेकंदांवर आणा. डीएनएसएसईसी सुरू असेल तर आधी रजिस्ट्रीतली डीएस नोंद (त्या सहीची ओळख) काढा, दोन दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला, आणि नवी सही बसल्यावर नवी डीएस घाला. हा क्रम चुकला की सही तपासणारे रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) उत्तर देणंच नाकारतात: कुणाला साइट दिसते, कुणाला नाही, आणि तुमच्या घरी सगळं ठीक चालतं.

हे स्थिरावलं की रजिस्ट्रार बदला. हस्तांतर रोखणारा लॉक काढायचा, ऑथ कोड घ्यायचा, नव्या रजिस्ट्रारकडे द्यायचा. डेनिकचा ऑथ कोड ३० दिवसच चालतो. डॉट ऑर्गसारख्या डोमेनवर रजिस्ट्रार बदलला की पुन्हा बदलायला सहसा ६० दिवस थांबावं लागतं. काम झालं की लॉक परत लावा. हे हटकून राहतं.

डीएनएसची मांडणी

नेमसर्व्हर किमान दोन, वेगवेगळ्या नेटवर्कवर, आणि त्यांची नावं अशा डोमेनवर जे कधीच सुटणार नाही. सगळी देशी डोमेन प्रकल्प-उदाहरण.इनवरच्या नेमसर्व्हरवर टेकवली आणि तेच डोमेन संपलं, तर सगळी एकदम जातात.

देशगटाला सबडोमेन देताना पूर्ण झोन सोपवायचा की एकेक नोंद? आम्ही नोंदीच्या बाजूचे: झोन फाइल गिटमध्ये, बदल मागणीनं, दुसऱ्यानं तपासून. झोन सोपवला की कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरकडे जातो यावर नजर राहत नाही. बाहेरच्या होस्टिंगकडे दाखवणारी सीनेम नोंद (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) तर फार धोक्याची. गटानं तिथलं खातं बंद केलं आणि नोंद तशीच राहिली, तर तेच नाव दुसऱ्या कुणालाही तिथे घेता येतं आणि तुमच्या पत्त्यावर त्याचं पान झळकतं. दर तीन महिन्यांनी सगळ्या सीनेम तपासा.

सबडोमेनवरची साइट मुख्य डोमेनसाठी कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली, लॉगिनसाठीही वापरली जाणारी माहिती) बसवू शकते. देशगटाचं जुनं वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) कुणी हॅक केलं तर झळ लॉगिन सेवेपर्यंत पोहोचते. म्हणून लॉगिन आणि स्थानिक साइट्स दोन वेगळ्या डोमेनवर ठेवलेल्या बऱ्या. मुख्य डोमेनवर एचएसटीएस (फक्त सुरक्षित एचटीटीपीएसनंच उघडण्याची सक्ती) सबडोमेनसह लावलं असेल तर नुसत्या एचटीटीपीवर चालणारा मिरर ब्राउझरमध्ये उघडणार नाही. आणि देशवार मिररला एचटीटीपीएस जमवणं मुळात अवघड: एफटीपी.डीई.डेबियन.ऑर्गसारखं नाव ज्या सर्व्हरकडे जातं त्याच्याकडे सहसा स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र असतं, डेबियनच्या नावाचं नसतं. डेबियनचं भागतं कारण पॅकेजेसच्या यादीवरची सही वेगळी तपासली जाते. तुमची पॅकेजेस सही केलेली नसतील तर हा नमुना उचलू नका.

नुसती राखून ठेवलेली देशी डोमेन एकाच साच्यात बसवा. डोमेनच्या मुळाशी सीनेम चालत नाही, तिथे ए आणि एएएए (थेट आयपी पत्त्याच्या) नोंदीच लागतात. रीडायरेक्ट आधी ३०२ (तात्पुरता), दोन आठवडे सुरळीत गेले की ३०१ (कायमचा), कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकलं तर मागे घेता येत नाही. रीडायरेक्टलाही प्रमाणपत्र लागतं, नाहीतर धोक्याची पाटी आधी दिसते. फुकट प्रमाणपत्रं देणारं लेट्स एनक्रिप्ट एका प्रमाणपत्रात १०० नावं घेऊ देतं, पण त्यातलं एक डोमेन जरी तपासणीत नापास झालं तर सगळ्यांचं नूतनीकरण अडतं. दर डोमेनला वेगळं प्रमाणपत्र काढा. ज्या डोमेनवर मेल येत-जात नाही तिथे एमएक्समध्ये (मेल कुठे स्वीकारायचा ती नोंद) प्राधान्य शून्य आणि नुसता टिंब, एसपीएफमध्ये (मेल कोण पाठवू शकतो ती नोंद) सगळ्यांना नकार, डीमार्कमध्ये (खोट्या मेलचं काय करायचं ती नोंद) ‘रिजेक्ट’. हे केलं नाही तर तुमच्या नावानं फसवे ईमेल पाठवायला ही रिकामी डोमेनच सोयीची पडतात.

मुदत, सोडणं, आणि बळकावलेलं नाव

स्मरणपत्रं मुदतीआधी ९०, ३० आणि ७ दिवस, वहीतल्या दोन्ही माणसांना. डॉट ऑर्गसारख्यांना मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग ३० दिवस जास्त पैसे भरून सोडवण्याचे, मग ५ दिवसांत नाव मोकळं. देशांच्या डोमेनला हे गणित लावू नका. डेनिककडे मुळात वार्षिक मुदत नसते. रजिस्ट्रारनं डोमेन रद्द केलं तर सोडवायला ३० दिवस.

डोमेन नको झालं म्हणून भरणं थांबवण्याआधी मोजदादीतला कोडचा शोध पुन्हा पाहा. कुठल्याही वापरातल्या आवृत्तीत तो पत्ता अपडेटसाठी किंवा स्क्रिप्ट आणण्यासाठी लिहिलेला असेल, तर ती आवृत्ती निवृत्त होईपर्यंत डोमेन सोडायचं नाही, खर्च कितीही नकोसा वाटला तरी. इतर ठिकाणी आधी दुवे काढा, वर्षभर रीडायरेक्ट ठेवून किती लोक येतात ते पाहा, मग निर्णय.

कुणी नाव आधीच बळकावलं असेल तर पहिला ईमेल सौम्य पाठवा. पुष्कळदा तो चाहताच निघतो आणि खर्चाच्या पैशांत देऊन टाकतो. मोठी रक्कम मागितली तर उत्तर न देता ईमेल जपून ठेवा, पुढे तोच पुरावा होतो. डॉट ऑर्गसाठी यूडीआरपी (डोमेन वाद सोडवण्याची लवाद पद्धत) आहे, वायपो या बौद्धिक संपदेच्या जागतिक संस्थेकडे एक ते पाच डोमेनसाठी एका लवादाचं शुल्क १,५०० डॉलर. डॉट इनसाठी निक्सीची तशीच आयएनडीआरपी. दोन्हींत नावाचं साम्य आणि समोरच्याचा हक्क नसणं दाखवावं लागतं. पण यूडीआरपीत वाईट हेतूनं नोंदवलं आणि वापरलं अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आयएनडीआरपीत त्यातली एक पुरते. चिन्ह कुणाच्या नावावर आहे ते अर्जात दाखवावं लागतं, म्हणून अर्ज छत्रसंस्थेनं करावा, देशगटानं नव्हे.